म्हाताऱ्या लॅपटॉपवरचं पाचवं प्रकरण

मित्रांनो, माणसाचं बारा वर्षांचं वय म्हणजे पतंग उडवायचं वय. लॅपटॉपचं बारा वर्षांचं वय म्हणजे पणजोबाचं. मी तसा पणजोबा आहे. माझं झाकण एका बाजूनं सैल झालंय, पाठीवर एका कॉलेजचा जुना क्रमांक पांढऱ्या रंगात लिहिलेला आहे, आणि विजेची तार काढली तर मी मिनिटभरही जागा राहत नाही. पण माझ्या पोटात एक अहवाल आहे. तो कसा लिहिला गेला हे माझ्याइतकं जवळून कोणी पाहिलेलं नाही, म्हणून ते मीच तुम्हाला सांगतो.

माझा जन्म दूरच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. हातमोजे घातलेले पुष्कळ हात आठवतात, आणि मग खोक्यातला काळोख. खोकं उघडलं ते अकोल्यात, एका कॉलेजच्या वाचनालयात. तिथल्या मनकर्णाबाई मला रोज सकाळी पिवळ्या फडक्यानं पुसायच्या. माझ्याजवळ कोणी चहाचा कप ठेवला, तर त्या माणसाकडे अशा काही बघायच्या की तो मुकाट्यानं कप उचलून घ्यायचा. सात वर्षं मी पुस्तकांची देवघेव सांभाळली. "हा कधी दगा देत नाही," असं सगळे म्हणायचे. मग नवी यंत्रं आली, मनकर्णाबाई निवृत्त झाल्या, आणि मला एका लोखंडी कपाटात ठेवून दिलं. तीन वर्षं मी तिथं पडून होतो. माझी तार उंदरानं कुरतडली. धुळीनं माझा श्वास कोंडला. आपल्यात अजून काही शिल्लक आहे, हे सांगायला तोंड नसलं की फार वाईट वाटतं, मित्रांनो.

एके दिवशी कॉलेजनं ठरवलं की जुनी यंत्रं खेड्यातल्या शाळांना द्यायची. अर्ज करणाऱ्यांत त्याच कॉलेजात शिकलेल्या रागिणी मॅडम होत्या. अकोटहून हिवरखेडकडे जाताना रस्त्याला एक गाव लागतं. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या सातवीला शिकवायच्या. त्यांनी मला ओढणीत गुंडाळलं आणि एसटीत मांडीवर घेऊन अकोटला आणलं. तिथं स्टँडजवळ वकारभाईंचं दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांनी माझं पोट उघडलं, ब्रशनं धूळ काढली, नवी तार दिली, आणि एक बटण गायब होतं तिथं दुसऱ्याच कुठल्या यंत्राचं करडं बटण बसवून दिलं.

"मॅडम, जान बाकी आहे याच्यात," वकारभाई म्हणाले. "बॅटरी मात्र गेली. तार लावूनच चालवा, अन् याच्यावर जास्ती ओझं टाकू नका. लिहाले एक नंबर आहे."

आणि लिहायलाच तर मी हवा होतो.

त्या शाळेत दरवर्षी मुलं प्रकल्प करून आणायची. करून म्हणजे काय, विकत आणायची. थर्माकोलचा एक ज्वालामुखी तर तीन वर्षं सलग आला होता, दर वर्षी वेगळ्या मुलाच्या नावानं. आधीच्या दोन नावांवर पांढरा रंग फासलेला, पण उन्हात धरलं की खालची नावं दिसायची. मॅडमनी तो उन्हात धरला, पोट धरून हसल्या, आणि वर्गाला म्हणाल्या, "यंदा काहीच विकत आणायचं नाही. आपल्या घरातला, गल्लीतला नाहीतर वावरातला एक प्रश्न शोधा. त्याचं उत्तर कोणाला विचारून नाही, स्वतः पाहून काढा. सहा आठवडे देते."

त्याच वेळी शाळेत शिक्षण विभागाचं एक पत्र आलं होतं. शिक्षकानं आपल्या वर्गात काही नवं करून पाहायचं, काय झालं ते नीट बघायचं आणि लिहायचं, याला कृतिसंशोधन म्हणतात. अशा कामाचे अहवाल मागवले होते. त्यांतले निवडक अहवाल अमरावतीला, विभागाच्या मेळाव्यात परीक्षकांसमोर वाचले जाणार होते, आणि त्यांना क्रमांकही मिळणार होते. मॅडमनी ठरवलं, मुलांच्या या प्रकल्पांवरच अहवाल लिहायचा.

सहा आठवडे शाळेत नुसती धमाल होती. किशोरनं रानडुकरं पळवायला तेलाचा डबा आणि खिळे वापरून वाऱ्यावर वाजणारं एक यंत्र केलं. रानडुकरं दोन दिवस आली नाहीत, तिसऱ्या दिवशी आली. किशोरच्या वडिलांचे बैल मात्र आठवडाभर त्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पाय ठेवीनात. प्राजक्तानं वीस घरी जाऊन पंधरा दिवस एकच गोष्ट टिपली, घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं. अठरा घरी आई, एका घरी आजोबा आणि एका घरी मांजर.

अलीझाचे वडील अब्दुल रहीम गाद्या शिवतात. त्यांच्या दुकानातली उरलेली कापडं जोडून तिनं एक लांबलचक पट्टी केली आणि तिच्यावर दोऱ्यानं शब्द भरले. गल्लीतला शब्द, घरातला शब्द आणि पुस्तकातला शब्द. सांबार, धनिया, कोथिंबीर. भेदरं, टमाटर, टोमॅटो. फल्ली, मूंगफली, भुईमूग. असे एकशे बारा शब्द. पट्टी वर्गाच्या दोन भिंती व्यापून खिडकीपर्यंत गेली.

तेहतिसांपैकी बत्तीस मुलांनी काही ना काही आणलं. मैनानं कोरा कागद दिला. मैना म्हणजे गुरं चारणाऱ्या किसनरावांची नात, बोलायला कमी, शाळा सुटली की आजोबांच्या गुरांमागे जाणारी. मॅडमनी तो कागद उलटसुलट करून पाहिला, "बरं, बस खाली," म्हणाल्या आणि पुढच्या मुलीचं नाव घेतलं.

मग माझं काम सुरू झालं. शाळा सुटल्यावर सव्वापाचच्या एसटीपर्यंत मॅडम माझ्यासमोर बसायच्या. त्यांनी आधी दुसऱ्यांचे जुने अहवाल वाचले आणि मग तसंच लिहायला घेतलं. 'सर्व विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्तपणे सहभाग घेतला.' 'रानडुकरांचा यशस्वी बंदोबस्त करण्यात आला.' 'विद्यार्थ्यांच्या सर्जनशीलतेत लक्षणीय वाढ दिसून आली.' चार प्रकरणं झाली: गरज, उद्दिष्टं, कार्यवाही आणि निष्कर्ष. वाक्यं गुळगुळीत होती, अगदी नदीतल्या गोट्यांसारखी. शेवटी त्यांनी लिहिलं, 'यशाचे प्रमाण सत्त्याण्णव टक्के. एका विद्यार्थिनीने रस न घेतल्याने तिचा प्रकल्प अपूर्ण राहिला.'

मित्रांनो, माझ्यावर जे लिहून ठेवतात ते सगळ्यांना दिसतं. जे खोडतात ते फक्त मला ठाऊक असतं. पत्रासोबत आलेल्या नमुन्यात शेवटचा रकाना होता विद्यार्थ्यांच्या अभिप्रायांचा. मॅडमनी तिथं स्वतःच लिहिलं, 'आम्हाला हा उपक्रम खूप आवडला, असे विद्यार्थ्यांनी सांगितले.' मग त्या वाक्याकडे बघत बसल्या. खोडलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा खोडलं. शेवटी पुटपुटल्या, "विचारलंच नाही तर सांगितलं कोणी?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वर्गात नेऊन टेबलावर ठेवलं आणि मुलांना सांगितलं, "हा अहवाल तुमच्यावर लिहिलाय. म्हणून आधी तुम्ही ऐका. काही चुकलं असेल तर सांगा."

पहिलं पान शांततेत गेलं. दुसऱ्या पानावर किशोरचा हात वर आला.

"मॅडम, बंदोबस्त झाला असं काहून लिहिलं? दोनच दिवस झाला. बैलाचं तं तुमी लिहिलंच नाई."

"बैलाचं लिहायचं?"

"लिहा ना. तेच तं खरं झालं."

वर्ग हसला. मग एकेक सुरू झालं. प्राजक्ता म्हणाली, "मांजराचं काहून काढलं? अठरा अन् एक एकोणीसच होते, घरं वीस होती." कोणी म्हणालं, 'उत्स्फूर्तपणे' म्हणजे काय ते सांगा, मग आम्ही तसा घेतला का नाही ते सांगतो. मॅडमनी तो शब्द समजावला, तेव्हा मागच्या बाकावरून उत्तर आलं, "नाई मॅडम, पयले दोन आठवडे तुमी रागावल्या म्हणून घेतला."

मॅडम हसत होत्या, पण त्यांची बोटं माझ्यावर भराभर चालत होती. प्रत्येक गोष्ट त्या लिहून घेत होत्या. मग त्या वाक्याची वेळ आली. 'एका विद्यार्थिनीने रस न घेतल्याने.'

नाव नव्हतं, पण कोण ते सगळ्यांना कळलं. मैना खाली मान घालून बाकावरची रेघ नखानं कोरत होती. तेवढ्यात अलीझा उभी राहिली.

"मॅडम, हे खरं नाई. मैना रोज बगळे पाहे. आमचं दुकान गायरानाच्या वाटेवरच आहे, म्या सोता पाह्यलं. उन्हातानाची ते गाईमागं बसून राहे अन् काईतरी लिहे."

मॅडमनी विचारलं, "मैना, तू लिहीत होतीस?"

मैनानं मान हलवली.

"मग मला कोरा कागद का दिलास?"

मैना पुन्हा बाकावरची रेघ कोरू लागली. पण दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. तिच्या हातात खोक्याचा एक मोठा पुठ्ठा होता. त्याच्यावर तिनं पेन्सिलीनं एक पांढरी गाय, एक लाल गाय आणि एक म्हैस काढली होती, आणि प्रत्येकीखाली रेघाच रेघा. जनावर चालत असताना मागे बगळा दिसला की उभी रेघ, बसलेलं असताना दिसला की आडवी. तेवीस दिवसांच्या रेघा होत्या त्या. उभ्या रेघांचा नुसता पाऊस होता. आडव्या फक्त चार.

"आबा म्हणते, बगळा रंग पाहून जाते," मैना खालच्या आवाजात म्हणाली. "पांढऱ्या गाईच्याच मागं जाते म्हणे, लाल गाईच्या नाई. म्या मोजलं तं तसं निघालंच नाई. जे चालते, बगळा तिच्या मागं जाते. लाल असो का म्हैस असो. मले वाटलं, माह्यंच मोजाचं चुकलं. म्हणून नाई दिलं."

रागिणी मॅडमनी पुठ्ठ्यावरच्या रेघा बोटानं मोजल्या. मग त्यांनी मैनाला आपल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः समोरच्या बाकावर जाऊन बसल्या. म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुला काहीच विचारलं नाही, मैना. विचारायला पाहिजे होतं. ती चूक माझी आहे."

मैना बावरली. बाई आपल्याला असं म्हणतील, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिनं फक्त विचारलं, "मंग माह्यं बरोबर आहे का?"

"ते मला ठाऊक नाही. आपण सगळे जाऊन पाहू."

त्या शनिवारी सगळा वर्ग गायरानावर गेला. मी शाळेतच होतो, पण सोमवारी मॅडमनी सगळं माझ्यावर लिहिलं, त्यामुळे मला ते पाहिल्यासारखंच आहे. किसनराव काठी टेकून उभे होते. नातीनं आपल्या बोलण्याची परीक्षा मांडलीये, हे ऐकून आधी थोडे फुगले होते. मुलं चार गट करून मोजायला बसली. पांढरी गाय चिंचेखाली रवंथ करत बसली होती. तिच्याजवळ एकही बगळा नव्हता. लाल गाय चरत चरत पुढे निघाली, तिच्या पायांनी गवतातले किडे उडाले, आणि पाच बगळे तिच्यामागे तुरुतुरु चालू लागले. तासाभरानं पांढरी उठली आणि चालायला लागली, तसे त्यांतले दोन तिच्याकडे वळले.

किसनरावांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "साठ वर्सं मी गुरं चारून राहिलो. हे काहून नाई दिसलं मले?"

"आबा, तुमी पाह्यलं होतं का कधी? मोजून?" मैनानं विचारलं.

"नाई बाप्पा," किसनराव हसायला लागले. "मले माह्या बापानं सांगतलं होतं. त्याले त्याच्या बापानं सांगतलं असन."

हे वाक्य मॅडमनी माझ्यावर जसंच्या तसं लिहिलं. आणि त्याच्याखाली आणखी एक लिहिलं: 'कोरा कागद म्हणजे न केलेलं काम, हे मलाही कोणीतरी सांगितलं होतं. मीही कधी तपासलं नव्हतं.'

इथून अहवाल नव्यानं सुरू झाला. आठ दिवस आम्ही दोघं त्याच्यावर बसलो होतो. गुळगुळीत वाक्यं एकेक करून गेली. बैल आले, मांजर आलं, 'बाई रागावल्या म्हणून' हेही आलं. सत्त्याण्णव टक्के गेले. आणि नमुन्यात नसलेलं एक पाचवं प्रकरण तयार झालं. त्याचं नाव होतं, 'माझ्याकडून काय सुटलं.' त्यात मैनाचं नाव घालायच्या आधी मॅडमनी तिला आणि किसनरावांना विचारलं. किसनराव म्हणाले, "पोरीचं घाला, अन् चुकलं कोण तेबी घाला. माह्यं नाव किसनराव, पुरं लिहा." लिहून झालं की मॅडम ते मोठ्यानं वाचायच्या. मी गरम व्हायचो, माझा पंखा घरघरायचा, तेव्हा मला दहा मिनिटं विश्रांती द्यायच्या. इतक्या वर्षांत असा मान मला कोणी दिला नव्हता.

अहवाल पुढे पाठवण्याआधी केंद्रप्रमुखांची सही लागायची. आजूबाजूच्या दहा-बारा शाळा देवीदास सरांच्या देखरेखीखाली होत्या. माणूस भला. मुलांच्या वह्या स्वतः बसून वाचणारा. माझ्यासमोर खुर्ची ओढून ते सगळा अहवाल वाचून गेले, बैलांपाशी मोठ्यानं हसले, आणि पाचव्या प्रकरणापाशी गंभीर झाले.

"मॅडम, चांगलं लिहिलं तुमी. पण हे शेवटचं काढा."

"का सर?"

"आपल्याच चुका आपणच लिहून द्यायच्या? तिथं बसणारे काय म्हणतील? बाईले वर्ग सांभाळता येत नाई, असं. टक्केवारीही नाई यात. निवड होणार नाई, मी सांगून ठेवतो. एवढी मेहनत केली तुमी, वाया जाईन."

मॅडमची बोटं माझ्या कडेवर होती. ती खोडायच्या बटणापर्यंत गेली आणि परत आली. अमरावतीला जाऊन वाचायची त्यांची फार इच्छा होती, हे मला ठाऊक होतं. पहिल्या पानावर त्यांनी तसं लिहून खोडलंही होतं.

"सर," त्या म्हणाल्या, "मैनाचं उत्तर आजोबांसारखं निघालं नाही, म्हणून तिनं मला कोरा कागद दिला. माझं उत्तर नमुन्यासारखं निघालं नाही, म्हणून मी हे प्रकरण काढलं, तर मी तेच केलं ना? मग तिला काय सांगू?"

देवीदास सरांनी पाचवं प्रकरण पुन्हा एकदा वाचलं. मग खिशातून पेन काढलं.

"आणा, कुठं सही करू?" ते म्हणाले. जाताना दारातून वळले. "ते मांजराचं मात्र राहू द्या बरं. मस्त आहे."

मित्रांनो, निवड झाली. कशी झाली ते आम्हाला कळलं नाही. मॅडम, मैना, किसनराव आणि मी असे चौघं एसटीनं अमरावतीला गेलो. किसनरावांना कोणी बोलावलं नव्हतं. "साक्षीले कोणी पायजे," असं म्हणून ते धुतलेलं धोतर नेसून स्टँडवर हजर झाले होते.

सभागृहात विजेचं सॉकेट मंचाच्या एका टोकाला होतं आणि टेबल दुसऱ्या टोकाला. माझी तार पुरेना. मॅडमनी सरळ खुर्ची उचलली, सॉकेटजवळ नेली, मला मांडीवर घेतलं आणि वाचायला सुरुवात केली. बैलांपाशी सभागृह हसलं. अठरा आयांपाशी कोणी हसलं नाही. पाचव्या प्रकरणाला मात्र अशी शांतता पडली की माझ्या पंख्याची घरघर शेवटच्या रांगेत पोचली असेल.

परीक्षकांनी विचारलं, "बाई, यशाचं प्रमाण लिहिलेलं नाही?"

"लिहिलं होतं, सर," मॅडम म्हणाल्या. "बत्तीस पूर्ण आणि एक अपूर्ण. मग कळलं की जो सगळ्यात पूर्ण होता, तोच मी अपूर्णात टाकला होता. त्यानंतर मला आकडा लिहायचा धीर झाला नाही."

परीक्षकांनी मैनाला जवळ बोलावलं. "काय गं, आता काय वाटतं? उत्तर कोणाचं बरोबर?"

मैनानं एवढी माणसं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली होती. पण ती बोलली. "जी, आमच्या गायरानात माह्यं. तुमच्याकडच्या बगळ्याचं मले मालूम नाई. तुमाले पाहा लागन."

सगळ्यात आधी किसनराव हसले, आणि मग सगळं सभागृह.

आम्हाला क्रमांक मिळाला नाही. पहिला क्रमांक एका सुंदर रंगीत अहवालाला गेला, आणि तो खरंच सुंदर होता. परतताना मॅडम खिडकीतून बाहेर बघत गुणगुणत होत्या. महिन्याभरानं बार्शीटाकळीच्या एका शिक्षिकेचं पत्र आलं. पाचवं प्रकरण ऐकून त्यांनीही आपला अहवाल वर्गात वाचून दाखवला होता. 'पोरांनी सतरा चुका काढल्या,' त्यांनी लिहिलं होतं. 'अठरावी मीच काढली.' मॅडमनी ते पत्र वर्गात दोनदा वाचलं, आणि मुलांनी दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या.

आता मैना आठवीत, हिवरखेडच्या शाळेत जाते. शाळेत नवी, पातळ, चकचकीत यंत्रं आली आहेत. मला वाटलं, पुन्हा कपाटाची वेळ आली. पण मॅडमनी मला वर्गाच्या कोपऱ्यात एका बाकावर ठेवलंय. आता मुलांचे अहवाल मुलं स्वतःच लिहितात, आणि ते माझ्यावर लिहितात. माझ्यावर धूळ बसू न देण्याची पाळी लावलेली आहे. ओल्या हातांनी मला कोणी शिवत नाही, माझं सैल झाकण दोन्ही हातांनी उघडतात. मित्रांनो, तुमच्या शाळेत, घरात माझ्यासारखं कोणी जुनं कपाटात पडलं असेल, तर फेकण्याआधी एकदा उघडून बघा. एखाद्या वकारभाईंना दाखवा. आम्हाला फार लागत नाही. थोडी वीज, कोरडं फडकं आणि काहीतरी खरं लिहिणारा माणूस, एवढंच.

आत्ताच बघा ना, माझ्यासमोर सहावीतली रुख्मिणी बसली आहे. संत्र्याच्या साली वाळवून जाळल्या तर डास जातात का, हे ती तीन आठवडे तपासत होती. अक्षरं शोधत शोधत, एका बोटानं तिनं पहिली ओळ लिहिली आहे: 'माझा प्रयोग फसला. कसा फसला ते खाली सांगते.'

दुसरी ओळ अजून यायची आहे. तेव्हा माझं एवढं ऐका, तिच्या पाठीमागे उभं राहून घाई करू नका. तिला अक्षर सापडायला जरा वेळ लागतो.